‘सावळी आहे, पण...’

तुळशीचे लग्न लागले की बदलापूर, मुरबाड, शहापूरकडच्या घरांतून बस्त्याची गडबड सुरू होते. बस्ता बांधायचा तो बहुधा उल्हासनगरला. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसे तिथल्या लष्करी छावणीत राहिली, म्हणून आपण त्या गावाला अजून ‘कॅम्प’च म्हणतो. दुकानदार गादीवर साड्यांची चळत पसरतो. मुलगी डाळिंबी रंगाच्या साडीला हात लावते. तेवढ्यात आत्या म्हणते, “नको गं बाई, तुला नाही खुलायचा हा. शेठ, पोरगी जरा सावळी आहे, उजळ दिसेल असं काहीतरी काढा.” मुलीचा हात साडीवरून निघतो. बस्ता होतो, सगळे वडापाव खाऊन गाडी पकडतात, आणि आपण कोणाला काही लावून बोललो असे कोणाच्या मनातही येत नाही.

गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी, काळीसावळी. भाताचे वाण ओळखावेत तशा आपण मुली ओळखतो. गोरेपणाला ‘आणि’ लागतो, सावळेपणाला ‘पण’. गोरी आहे आणि शिकलेली आहे. सावळी आहे, पण शिकलेली आहे. सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस आहे. हा ‘पण’ मुलगी पाळण्यात असल्यापासून ऐकत असते.

रंग म्हणजे आहे तरी काय? कातडीत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य असते. उन्हातल्या घातक किरणांपासून ते शरीराचे रक्षण करते. ज्या मुलुखात ऊन कडक, तिथल्या माणसांचा रंग पिढ्यान्‌पिढ्या गडद होत गेला. त्यात आषाढात गुडघाभर चिखलात वाकून लावणी करायची, पुढे ऐन उन्हात कापणी करायची, मग तो आणखी गडद होणारच. तिच्याबरोबर राबणारा भाऊही तेवढाच काळा असतो. त्याच्या लग्नाच्या वेळी जमीन किती आणि नोकरी कुठे एवढेच विचारतात. जमिनीला आपण काळी आई म्हणतो. बदलापूरचे जांभूळ पुरते काळे झाल्याशिवाय पाटीत घालत नाही. अंबरनाथला वालधुनीकाठी शके 982चे, म्हणजे इसवी सन 1060चे, शिवमंदिर काळ्या दगडात उभे आहे. शिवरात्रीला तिथे रांग लावतो. काळ्याचे वावडे फक्त सून आणताना.

हे नुसते मनाला लागण्यापुरते राहत नाही. रंगाची भरपाई म्हणून आकडा वाढतो. हुंडा 1961च्या कायद्याने गुन्हा ठरला, म्हणून आता त्याला ‘मुलीची हौस’ म्हणतात, एवढेच. मग गाठीला असलेले चार गुंठे जातात. दुसरीकडे मुलगी चोरून मलमे लावत बसते. ‘फेअर अँड लव्हली’ 1975 साली आपल्या बाजारात आले. 2020 साली अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड नावाचा काळा माणूस पोलिसाच्या गुडघ्याखाली मेला, जगभर लोक रस्त्यावर उतरले, आणि त्या रेट्यात कंपनीने नावातला ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातला. नाव बदलले, आपले बोलणे तेच राहिले. त्याहून वाईट म्हणजे आठवड्यात गोरे करतो म्हणणाऱ्या बिनलेबलाच्या डब्या. कशात स्टेरॉइड असते. त्याने कातडी पातळ होते, चट्टे उठतात, तोंडावर लव वाढते. कशात पारा असतो; तो मूत्रपिंड बिघडवतो. अशी डबी घरात निघाली तर वापर लगेच थांबवा आणि मुलीला डॉक्टरांना दाखवा. रागावू नका, ती डबी तिने आपल्याच बोलण्याला भिऊन आणलेली असते.

काळ्या पोराला आपल्याकडे गमतीने ‘हबशी’ म्हणतात. हबश म्हणजे आफ्रिकेतला इथिओपिया देश. तिथे 1548च्या सुमारास जन्मलेले एक पोर गुलामांच्या बाजारात विकले गेले, हातोहात फिरत दख्खनला आले आणि अहमदनगरच्या निजामशाहीत एका सरदाराने ते विकत घेतले. तो सरदारही मूळचा हबशीच. हे पोर म्हणजे मलिक अंबर. 1600 साली मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर बुडणारे राज्य त्याने मराठा सरदारांना बरोबर घेऊन वर काढले आणि गनिमी काव्याने मोगलांना वर्षानुवर्षे झुंजवले. 1610 साली खडकी वसवली, तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. तिथे जमिनीखालून नहरीने पाणी आणले. शेतकऱ्याच्या घरात त्याचे नाव दुसऱ्याच कारणाने राहायला हवे. सारा वसुलीचा मक्ता देण्याची पद्धत त्याने मोडली, जमिनीची प्रत आणि पीक पाहून सारा ठरवला. पुढच्या राज्यकर्त्यांपुढे त्याचाच नमुना होता.

या माणसाला बादशहा जहांगीर आपल्या आठवणींत काय म्हणतो? काळतोंड्या. जहांगिराने एक चित्रही काढून घेतले. त्यात अंबरचे तोडलेले डोके भाल्यावर आहे आणि बादशहा त्यावर बाण सोडतो आहे. ते डोके कधी तोडले गेलेच नाही. अंबर 1626 साली म्हातारा होऊन वारला, खुलताबादला त्याची कबर आहे. रणात जमले नाही ते बादशहाने कागदावर करून घेतले. पुन्हा कोणी पोराला हबशी म्हटले तर त्याला ही गोष्ट जरूर सांगा.

पोरे हे शिकतात कधी? अमेरिकेत केनेथ आणि मॅमी क्लार्क या काळ्या पतिपत्नींनी 1940च्या सुमारास लहान मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. चांगली कोणती, खेळायला कोणती हवी, असे विचारले. पुष्कळशा काळ्या मुलांनी गोरी बाहुली उचलली. मग विचारले, तुझ्यासारखी कोणती? काही पोरे रडत उठून गेली. ती तीन ते सात वर्षांची होती. काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बंद करणारा 1954चा निकाल देताना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने या अभ्यासाचाही आधार घेतला. आपल्या अंगणवाडीतल्या पोरींपुढे त्या बाहुल्या ठेवून पाहण्याचे धाडस मला तरी होणार नाही.

याच्यावर तोडगा बोलण्याचाच आहे, आणि ते बोलणे मुलीच्या पाठीमागे नको, तिच्यासमोर हवे. रात्री जेवणे उरकली की विषय काढा. आधी मुलीला विचारा, कोण काय बोललेले तुला लागले? ती पहिल्यांदा ‘काही नाही’ म्हणेल. थांबा, पुन्हा विचारा. भावालाही तिथे बसवा. उद्या तोच कुणाची तरी मुलगी बघायला जाणार आहे. आजीवर मात्र तुटून पडू नका. तिलाच विचारा, तुम्हाला बघायला आले तेव्हा काय म्हणाले होते? बऱ्याच घरांत साठ वर्षांपूर्वीचे ते वाक्य तिच्या तोंडून शब्दन्‌शब्द बाहेर पडेल.

आणि मध्यस्थाने ‘रंगाने कशी आहे?’ असे विचारले, तर बापाने ‘सावळी आहे’ एवढेच म्हणावे आणि गप्प बसावे. त्यापुढची दोन पळे फार अवघड जातात. जीभ ‘पण’ म्हणायला शिवशिवते. मध्यस्थ वाट पाहत असतो. त्यालाच काहीतरी बोलू द्या.

कोणाच्या घरी आजीने काय सांगितले ते पत्राने कळवा. नाव छापू नका म्हणालात तर छापणार नाही.