उजेडाची रांगोळी

गुडघ्यांमुळे सासूबाईंना महालक्ष्म्यांपुढे खाली बसून रांगोळी घालणं जमेना. त्या अगदी हिरमुसल्या. लातूरहून भाची नांदेडला आली. तिनं रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा स्वस्त संगणक, छोटा कॅमेरा नि मागून आणलेला प्रोजेक्टर जोडला. १८९०च्या दशकात कल्याणच्या पटवर्धनांनी काचेवरची चित्रं पडद्यावर हलवली. इथे कॅमेरा हात टिपतो नि रेघ उमटते.

मोबाइलच्या जुन्या चार्जरवर संगणक सारखा बंद पडे. त्याला ५ व्होल्ट, ३ अँपिअरचाच चार्जर लावा. पडद्यासाठी पांढरं धोतर ताणून बांधा. खोलीत अंधार हवा, पण हातावर मंद दिवा ठेवा, नाहीतर कॅमेऱ्याला हात दिसत नाही.

यंदा सासूबाईंनी खुर्चीत बसूनच कमळ काढलं!