आधी बोलली, म्हणून?

भाद्रपद पौर्णिमेला तेल्हाऱ्यात आमच्या वस्तीत भुलाबाई बसली. मुली गाणी म्हणत होत्या, एक मात्र दाराशीच उभी. "ताई, मले शिवता येत नाही," ती म्हणाली.

मला जपानची शिंतो कथा आठवली. इ.स. ७१२ च्या 'कोजिकी' ग्रंथात इझानागी-इझानामी हे जोडपे सृष्टी घडवते. लग्नविधीत बाई आधी बोलली, म्हणून पहिले मूल अधू निपजले! विधी पुन्हा झाला, पुरुष आधी बोलला, मग बेटे जन्मली. पुढे अग्नीला जन्म देताना इझानामी भाजून मेली. पाताळात तिचे कुजलेले शरीर पाहून पळालेल्या नवऱ्याने नदीत स्नान करून विटाळ धुतला. आज तागा येथील देवळात दोघेही पूजले जातात.

जन्म तिने द्यायचा. दोष तिचा, विटाळही तिचाच.

आपल्या भुलाबाईला ना देऊळ, ना पुजारी. मातीची पार्वती, शेजारी भुलोजी, ज्वारीच्या धांड्यांचा मखर. गाणी आणि खिरापत मुलींची. इथे बाईच आधी बोलते. मग दाराशी विटाळ कोणी आणला?

देवळांत स्त्रियांना समान प्रवेशाचा हक्क उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये स्पष्ट केला. घरच्या ओसरीवर कोणते न्यायालय येणार?

मी तिचा हात धरून आत आणले. एक आजी उठून गेल्या, त्याचे वाईट वाटले. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे गेले. त्या म्हणाल्या, "आमाले कोनी विचारलंच नाही, बाई."

कोजागिरीपर्यंत महिना असतो. आपापल्या गटात विचारूया, आजींपासून सुरुवात करून.