कार्ड बदलता येत नाही, हे आधी सांगा ना!

मे महिना म्हणजे दिवेआगरमध्ये पाहुण्यांचा सीझन. ‘घरगुती राहण्याची व जेवणाची सोय’ अशी पाटी आत्याच्या घरावरही आहे. यंदा माझ्या आतेभावाने तिथे महिनाभर राबून पैसे साठवले. गाड्या लावून घे, खोल्या आवर, पंगतीत वाढ, सगळं केलं. कशासाठी? चार वर्षांच्या गेमिंग लॅपटॉपला नवं ग्राफिक्स कार्ड टाकायचं आणि ६० हर्ट्झची स्क्रीन काढून १४४ची बसवायची. मला म्हणाला, ‘ताई, तू मुंबईत असतेस ना, लॅमिंग्टन रोडला विचार की.’

विचारलं. दुकानदाराने मॉडेल नंबर बघितला आणि म्हणाला, ‘कार्ड बोर्डलाच सोल्डर केलंय. बदलायचं तर अख्खा बोर्ड बदला. त्यापेक्षा नवाच घ्या.’

डेस्कटॉपमध्ये कार्ड स्लॉटमध्ये बसतं. जुनं काढा, नवं लावा, विषय संपला. लॅपटॉपमध्ये मात्र बहुतेक वेळा ती चिप मदरबोर्डलाच जोडलेली असते. पूर्वी काही महागड्या मॉडेल्समध्ये ‘एमएक्सएम’ नावाचं सुटं कार्ड यायचं, आता ते क्वचितच दिसतं. थंडरबोल्ट पोर्ट असेल तर बाहेरच्या डब्यात कार्ड लावता येतं. पण डबा आणि कार्ड मिळून इतका खर्च होतो की अर्धा डेस्कटॉप त्यात उभा राहील. वर केबलमधून जाताना थोडा वेगही कमी होतो.

स्क्रीनचं तसं नाही, ती बदलता येते. पण ६० हर्ट्झच्या पॅनेलची केबल साधारण ३० पिनची असते आणि १४४ला सहसा ४० पिनची लागते. बोर्डवरचा कनेक्टर ती केबल घेतो का, हे आधी बघावं लागतं. आणि मुळात कार्डच धड ६० फ्रेम्स काढत नसेल, तर १४४ची स्क्रीन दाखवणार काय?

कंपन्या म्हणतात, लॅपटॉप पातळ हवा, हलका हवा, तर सोल्डर करावंच लागतं. फॅन आणि चार्जरही त्याच चिपच्या हिशोबाने दिलेले असतात. मान्य! माझं भांडण सोल्डरशी नाहीच, गप्प बसण्याशी आहे. कीबोर्डमध्ये किती रंगांचे दिवे लागतात हे खोक्यावर मोठ्या अक्षरात छापता, मग ‘कार्ड बदलता येणार नाही’ ही एक ओळ छापायला जागा नाही?

आमच्याकडे वाडीतल्या पंपाची मोटर जळली तर रिवाइंड करून आणतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने सुपारीच्या वाड्या आडव्या केल्या, छपरं उडवली. लोकांनी कौलं आणि पत्रे नवे घातले. छप्पर गेलं म्हणून घर कुणी टाकून दिलं नाही. मग एक चिप जुनी झाली म्हणून चांगला कीबोर्ड, चांगली बॉडी, चालू स्क्रीन सगळंच भंगारात का?

फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीचे गुण लिहावे लागतात. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टु रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. मे २०२५ मध्ये सरकारी समितीने मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी असाच इंडेक्स सुचवला, तो विक्रीच्या ठिकाणी दिसावा असंही म्हटलं. छान आहे. पण त्यात लॅपटॉप हवेतच. आणि ‘दुरुस्त होतो का’ याच्या जोडीला ‘काय काय बदलता येतं’ हेही लिहिलेलं हवं.

तोवर आपणच शहाणं व्हायचं. बजेट कमी असेल तर काटकसर रॅम आणि एसएसडीत करा. स्लॉट असेल तर ते नंतर वाढवता येतात, म्हणून स्लॉट आहे का ते विचारा. कार्ड मात्र परवडेल तेवढं चांगलं घ्या, कारण ते लॅपटॉप असेपर्यंत तेच राहणार.

भावाने शेवटी रॅम वाढवली, एसएसडी टाकली, फॅनमधली धूळ काढून थर्मल पेस्ट नवी लावली. सेटिंग ‘मीडियम’वर ठेवलं की गेम बऱ्यापैकी चालतो. उरलेले पैसे बँकेत आहेत. पुढच्या खरेदीला दुकानात पहिला प्रश्न काय विचारायचा, हे आता त्याला पाठ झालंय. तुम्हीही विचारा. गिऱ्हाईक विचारायला लागलं की खोक्यावर आपोआप छापून येईल.