विसर्जनाचा घाट आणि पोहण्याचे शिक्षण

आज अनंत चतुर्दशी. दहा दिवस ज्याच्या वास्तव्याने घरे उजळली आणि चौक गजबजले, त्या गणरायाला निरोप देण्यासाठी महाराष्ट्रातील नदीघाट, तलाव व समुद्रकिनारे आज माणसांनी फुलून जातील. 'पुढच्या वर्षी लवकर या' असे म्हणताना आबालवृद्धांचे कंठ दाटून येतील. परंतु या मंगल दिवसाच्या पाठोपाठ वृत्तपत्रांच्या कोपऱ्यात काही बातम्या दरवर्षी छापाव्या लागतात, हेही तितकेच खरे. मूर्तीबरोबर पाण्यात उतरलेला तरुण वर आला नाही. त्याला वाचवावयास गेलेला भाऊ किंवा मित्रही बुडाला. आदल्या दिवशी जेथे आरती झाली, त्याच घरात आकांत होतो. २०१९ च्या सप्टेंबरात भोपाळच्या खटलापुरा घाटाजवळ विसर्जनासाठी गेलेल्या नावा उलटून ११ जणांचा अंत झाला. अशा वेळी हळहळ व्यक्त होते, चौकशीचे आदेश निघतात आणि दैवापुढे इलाज नाही, असे म्हणून समाज मोकळा होतो. हे मृत्यू दैवाधीन नाहीत, असे आम्हांस आजच्या दिवशी स्पष्टपणे म्हणावयाचे आहे.

विसर्जनाचा दिवस हा केवळ निमित्त होय. भारतात दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसे अपघाताने बुडून मरतात, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे सांगतात. जगभरातील अशा जीवितहानीची दखल घेऊन संयुक्त राष्ट्रसंघाने २०२१ साली २५ जुलै हा दिवस या प्रश्नाच्या जागृतीसाठी मुक्रर केला. सहा वर्षांवरील मुलांना पोहण्याचे प्राथमिक शिक्षण, पाण्याजवळ वावरण्याची रीत आणि स्वतःचा जीव धोक्यात न घालता दुसऱ्यास वाचविण्याचे तंत्र शिकवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या शाळांतून यांपैकी किती शिकविले जाते, याचे उत्तर वाचकांनीच आपल्या मुलांना विचारून पाहावे.

पोहणे ही आपल्याकडे नवी विद्या नव्हे. उन्हाळ्याच्या सुटीत कमरेला वाळलेला भोपळा, पांगाऱ्याचे लाकूड किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधून काका-मामांनी मुलांना विहिरीत सोडावे आणि चार दिवसांत मुलांनी काठावरून मुटके मारावेत, हा खेड्यापाड्यांतील परिपाठ होता. त्या शिक्षणाला शुल्क नव्हते व प्रमाणपत्रही नव्हते. पण विहिरीला पायऱ्या असत आणि काठावर जाणते माणूस बसलेले असे. आज कित्येक विहिरी आटल्या, कित्येकींची जागा विंधन विहिरींनी घेतली, आणि शिकविणारा मामा पोटासाठी शहरात गेला. त्याच वेळी शिवारात शेततळी आली. शेतकऱ्याला ती वरदान ठरली, हे निर्विवाद. परंतु प्लॅस्टिकचे अस्तर लावलेल्या शेततळ्याचा उतार इतका निसरडा असतो की, आत घसरलेल्या मुलाला हाताने धरावयास आधार नसतो आणि पायाला टेकू मिळत नाही. धोका वाढला आणि विद्या मात्र लोपली, असा हा विपरीत योग आहे.

शहरांत तलाव आहेत. पण ते कोणासाठी? महिन्याचे शुल्क, पोशाखाचा खर्च, मुलाला नेण्या-आणण्यास लागणारा वेळ, हे सारे ज्याला परवडते त्याचीच मुले तेथे पोहतात. झोपडपट्टीतील मुलगा खाडीवर किंवा खाणीच्या खड्ड्यात आपले आपणच शिकू पाहतो आणि पुष्कळदा तेथेच संपतो. मुलींची स्थिती याहून कठीण. त्यांच्यासाठी स्वतंत्र वेळ व शिक्षिका नसेल, तर घरची माणसे त्यांना धाडीत नाहीत.

शिवाय पाण्याजवळ जाण्याचा हक्क हाही आपल्याकडे साधा प्रश्न नाही. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, तो याच हक्कासाठी. त्यानंतर ९१ वर्षांनी, २०१८ च्या जूनमध्ये, जळगाव जिल्ह्यातील वाकडी येथे दलित समाजातील अल्पवयीन मुलांना विहिरीत पोहल्याबद्दल मारहाण झाली. ज्या समाजात पाण्यात उतरलेल्या मुलाची जात पाहिली जाते, तेथे पोहण्याचे शिक्षण सर्वांपर्यंत पोहोचावे, हे म्हणणे सामाजिक न्यायाचेच म्हणणे ठरते.

यासाठी संगमरवरी तलाव हवेत, असा मात्र समज नको. शेजारच्या बांगलादेशात गावच्या तळ्याचाच एक भाग बांबूंनी बंदिस्त करून, पाण्याखाली बांबूचा मंच बांधून, प्रशिक्षित गावकऱ्यांकरवी मुलांना पोहावयास शिकविण्याचे काम गेली अनेक वर्षे चालू आहे. पंचवीस मीटर पोहणे आणि अर्धा मिनिट तरंगत राहणे, एवढे मुलाला आले की झाले. शिकलेल्या मुलांत बुडण्याचे प्रमाण लक्षणीय रीतीने घटल्याचे तेथील पाहण्यांत दिसून आले. जे त्या गरीब देशाला साधले, ते महाराष्ट्राला का साधू नये?

येथे आम्हांस लोकमान्यांचे स्मरण होते. ज्यांनी १८९३ साली या उत्सवाला सार्वजनिक रूप दिले, त्या टिळकांनी कॉलेजातील आपले पहिले वर्ष तालीम, पोहणे व नौकानयन यांत घालवून शरीर कमावले होते. २०२५ साली शासनाने या उत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा दिला. त्या दर्जाला साजेसे एक काम मंडळांनी अंगावर घ्यावे. वर्गणीतील थोडा अंश बाजूला काढून येत्या उन्हाळ्यात आपल्या वस्तीतील मुलामुलींना पोहावयास शिकवावे. नगरपालिकांनी आपल्या तलावांतील सकाळचा एक तास नगरपालिकेच्या शाळांतील मुलांसाठी विनाशुल्क राखून ठेवावा. ग्रामपंचायतींनी प्रत्येक शेततळ्याला कुंपण, काठावर दोर आणि आत सोडलेली शिडी आहे की नाही, हे पाहावे.

पोहता येणारा बुडतच नाही, असे आम्ही म्हणत नाही. तलावात शिकलेल्याचा नदीच्या ओढीपुढे निभाव लागेलच असे नाही. म्हणूनच कोठे उतरू नये, हे कळणे हाही त्या शिक्षणाचाच भाग आहे. बुडणाऱ्याच्या मागे उडी घेण्यापेक्षा दोर, बांबू किंवा रिकामी घागर फेकणे श्रेयस्कर, एवढे जरी प्रत्येक मुलाला ठाऊक झाले, तरी एका घरातून दोन तिरड्या निघणार नाहीत.

आज घाटावर जाणाऱ्यांनी पाण्यात उतरण्याचे काम जीवरक्षकांवर व जाणत्या कोळी बांधवांवर सोपवावे आणि लहानांचा हात सोडू नये, ही आमची विनंती. विघ्नहर्त्याला पुढच्या वर्षी लवकर बोलावताना, त्याच्या स्वागताला घरातील प्रत्येक मूल हजर राहील, एवढी तजवीज करणे हे आपल्या हाती आहे.