उंदरांचा बंदोबस्त : औषधाआधी जागा ओळखा

कोकणात उंदीरनाशाची मोहीम निघाली की पहिला प्रश्न "औषध कोणते?" असा येतो. माझ्या मते "उंदीर कोणता व त्याचा वास कोठे?" हा प्रश्न आधी विचारावयास हवा.

समुद्रकाठच्या गावात डोंगरउतारावर जंगल, त्याखाली माड-पोफळीची वाडी व सखल भागी भाताची खाचरे असतात. प्रत्येक जागेचा उंदीर निराळा. सह्याद्रीच्या दाट, ओल्या जंगलातील वनउंदीर झाडांवर राहतो. घरात व वाडीत वावरणारा काळा उंदीर माडाच्या शेंड्यात घरटे करून कोवळी फळे देठाकडून पोखरतो. लहान घूस ओलसर जमीन पसंत करते, बांधात बीळ करून त्याचे तोंड मातीने बुजविते व आत लोंब्या साठविते.

अन्न व निवारा यांसाठी या जातींत चढाओढ चालते. मुंबई व कोलकाता येथील गोदामांत घुशीने काळ्या उंदरास मागे सारल्याचे विसाव्या शतकात दिसून आले. तात्पर्य, सोयीची जागा रिकामी राहत नाही. एकट्याने आपल्या खाचरातील घुशी मारल्या, तर शेजारच्या बांधावरून नव्या येतात; शिवाय मादी सुमारे तीन आठवड्यांत विते.

म्हणून जागाच गैरसोयीची करणे हा खरा उपाय होय. बांध पाणी धरण्यापुरते मजबूत, परंतु अरुंद व स्वच्छ ठेवावेत. बांधावरचे गवत गुरांना लागते, ही शेतकऱ्यांची अडचण खरी आहे. पण ते वेळच्या वेळी कापून घातल्यास गुरांचेही भागते आणि घुशीचा आडोसाही जातो. माडाच्या खोडास जमिनीपासून सुमारे दोन मीटरवर गुळगुळीत पत्रा गुंडाळावा व शेजारच्या झाडांच्या झावळ्या एकमेकींस भिडू देऊ नयेत.

आमिष घालणे झाल्यास साऱ्या गावाने एकाच वेळी, भात पोटरीत येण्यापूर्वी घालावे. प्रथम दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष द्यावे, नंतर दोन टक्के झिंक फॉस्फाईडचे. एरवी उंदीर बिचकतात. विष मुले व गुरे यांपासून दूर ठेवावे आणि मेलेले उंदीर पुरावेत.

जंगल तोडल्याने उंदीर हटतील, हा समज मात्र सोडावा. घुबड व धामण हे आपले बिनपगारी राखणदार तेथेच आश्रय घेतात. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी औषधाची पुडी वाटण्यापूर्वी शेतकऱ्यांसह एकदा बांधावरून फिरून बिळे पाहावीत, ही विनंती.