मुलाखत की शिरगणती?

विश्रामबागेत संध्याकाळी फिरावयास निघालो असता आमचा एक जुना विद्यार्थी भेटला. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन त्यास नुकतेच वर्ष झाले. एका विमा कंपनीत ‘वित्तीय सल्लागार’ या जागेसाठी आपली मुलाखत झाली व निवडही तेथल्या तेथे झाली, असे त्याने मोठ्या हौसेने सांगितले. काय विचारले, म्हणून आम्ही सहज पुसले. चक्रवाढ व्याजाचे गणित? निव्वळ मुदतीचा विमा आणि बचतीचा विमा यांतील भेद? छे! मामा कोठे नोकरीस आहेत, वडिलांचे स्नेही निवृत्त झाले आहेत काय, ताईच्या लग्नास माणसे किती होती, हे विचारले; आणि अखेरीस कोरा कागद पुढे सरकवून ओळखीच्या शंभर माणसांची नावे मोबाईल क्रमांकांसह लिहून आणावयास सांगितले. पगाराविषयी विचारता उत्तर मिळाले, “तुम्ही ठरवाल तेवढा.” याचा सरळ मराठीत अर्थ, पगार नाही.

आमच्या मते ही मुलाखत नव्हे, शिरगणती होय. ज्यास दरमहा वेतन द्यावयाचे असते तो मालक उमेदवारास पारखून घेतो, कारण निवड चुकली तर पैसा त्याचा बुडतो. येथे बुडण्यासारखे काहीच नसल्यामुळे जो येईल तो निवडला जातो. विमा प्रतिनिधी होण्यास दहावी उत्तीर्ण असणे पुरते. तेव्हा आमच्या विद्यार्थ्याची पदवी त्यांस हवी होती असे कोणी समजू नये. हवी होती ती शंभर घरांची दारे, आणि त्या दारांवर थाप मारण्यास घरचाच मुलगा.

महिन्याच्या एक तारखेस वेतन उचलणाऱ्या प्राध्यापकांनी कष्टाच्या धंद्यास नावे ठेवावी हे सोपे आहे, असे कोणी म्हणेल. आक्षेप रास्त असता तर आम्ही तो मान खाली घालून ऐकला असता. परंतु आम्ही कमिशनच्या विरुद्ध नाही. याच मुलखात, साताऱ्यास, अण्णासाहेब चिरमुले यांनी 1913 साली वेस्टर्न इंडिया विमा कंपनी काढली. 1956 च्या राष्ट्रीयीकरणात ती आयुर्विमा महामंडळात विलीन झाली. स्वतःच्या मरणाचा विचार कोणी आपण होऊन करीत नाही; तो करावयास लावणारा एजंट घरोघर हिंडला, म्हणूनच कित्येक विधवांच्या हाती चार पैसे आले. तो स्वतःस एजंट म्हणवी व एजंटच होता. सांगलीच्या हळदीच्या बाजारातील अडत्याचेही तसेच. त्याची अडत उघड असते, आणि तो काही स्वतःस शेतकऱ्याचा सल्लागार म्हणवून घेत नाही.

आमचे भांडण आहे ते ‘सल्लागार’ या शब्दाशी. सल्ला ज्याने घ्यावयाचा त्याच्याकडून मोबदला घेतो तो सल्लागार. माल विकणाऱ्याकडून घेतो तो विक्रेता. रोखे व म्युच्युअल फंड विकणाऱ्यांपुरता हा भेद ‘सेबी’नेही मानला असून, सल्लागार म्हणून नोंदणी नसता तसले नाव लावण्यास 2020 च्या दुरुस्तीने बंदी केली आहे. विम्याच्या दुकानात मात्र हे नाव अजून खुशाल मिरविले जाते.

आता त्या कागदावरील मामांचेच उदाहरण घेऊ. 2023 पूर्वी दीर्घ मुदतीच्या बचत-विम्यावर पहिल्या वर्षाच्या हप्त्याच्या 35 टक्क्यांपर्यंत कमिशन देता येई. दुसऱ्या वर्षी ते साडेसात टक्क्यांवर उतरे. म्हणजे मामांनी 50,000 रुपये भरले की पहिल्या वर्षी 17,500 आणि दुसऱ्या वर्षी 3,750. (2023 साली या निरनिराळ्या मर्यादा जाऊन कंपनीच्या एकूण खर्चाची मर्यादा आली.) ज्या धंद्यात सारा गोडवा पहिल्या वर्षी असतो, त्यात जुना मामा सांभाळण्यापेक्षा नवा मामा शोधणे अधिक किफायतीचे होते. शंभर नावे संपली की मुलगा धंदा सोडतो, आणि मामांच्या गळ्यात हप्ते राहतात. ते न झेपून पॉलिसी सोडावी, तर दोन वर्षांच्या आत सोडणाऱ्याच्या हाती बहुधा काहीच लागत नसे. पहिले वर्ष भरून पुरे झाल्यास काही रक्कम परत द्यावी, हा नियम लागू व्हावयास 1 ऑक्टोबर 2024 उजाडावा लागला. कंपनीचे हप्ते आले, वरच्या साहेबाची बढती झाली. पुढल्या दिवाळीस मामांच्या घरी जावयाची चोरी झाली ती मात्र या पोराला.

म्हणून सुशिक्षित आईबापांस आमचे सांगणे आहे की, मुलास अशा मुलाखतीस अवश्य पाठवा, पण प्रश्न त्याच्याकडून विचारवा. गेल्या वर्षी घेतलेल्यांपैकी आज किती टिकून आहेत? तुम्ही विकलेल्या पॉलिसींपैकी तेराव्या महिन्यात किती जिवंत असतात? हा आकडा कंपन्या स्वतःच मोजतात, तेव्हा ठाऊक नाही असे कोणी सांगू लागल्यास विश्वास ठेवू नये. मी सोडून गेल्यावर माझ्या माणसांचे काम कोण पाहणार? उत्तरे लेखी मिळेपर्यंत तो कोरा कागद कोराच राहू द्यावा.

आमच्या विद्यार्थ्याचा कागद अर्धा भरला होता. त्यात आमचे नाव अकरावे होते. ते खोड, असे आम्ही म्हटले नाही. हे तीन प्रश्न विचारून ये, मग तुझी पॉलिसी शेजारी बसून ओळीनओळ वाचू, एवढे सांगितले.