साधे कुलूप हवेच!

पोस्टकार्ड आणि अंतर्देशीय पत्र यांतील भेद मराठी घरांना कधी शिकवावा लागला नाही. खुशालीचा मजकूर पोस्टकार्डावर जाई. मुलीच्या स्थळाची बोलणी, कर्जाचा व्यवहार किंवा सासुरवाशिणीचे दुःख मात्र अंतर्देशीय पत्रात घडी घालून, डिंकाने चिकटवून धाडले जाई. ती चिकटवलेली कडा थोड्याशा वाफेवर सुटते, हे सर्वांस ठाऊक होते. तरीही दुसऱ्याच्या नावचे पत्र फोडणे हा असभ्यपणा मानला जाई. त्या डिंकात बळ नव्हते, पण मर्यादेची खूण होती.

आज पत्रव्यवहार संगणकात आला आणि ती खूणच पुसली गेली. अनेक घरांत एकच संगणक वडील, सून, महाविद्यालयीन मुले असे सारेच वापरतात. ईमेलचा प्रोग्राम एकदा बसवला की, बँकेचे विवरण, वैद्यकीय अहवाल किंवा नोकरीचा नकार कोणीही एका टिचकीसरशी वाचावा, अशी स्थिती. लहान शाळा व पतसंस्थांच्या कार्यालयांत तर हा प्रश्न सभासदांच्या विश्वासाशी भिडतो. प्रोग्राम उघडताना त्याने एक पासवर्ड विचारावा, ही मागणी म्हणूनच जुनी आहे. तिला होणारा तज्ज्ञांचा विरोधही तितकाच जुना आहे.

तो विरोध निराधार नाही. मायक्रोसॉफ्टच्या आउटलुक एक्सप्रेसमध्ये प्रत्येकाला स्वतंत्र ‘आयडेंटिटी’ आणि तिला पासवर्ड देण्याची सोय होती. पण टपाल ज्या फाइलींत साठे, त्या कुलपाबाहेरच राहत. आउटलुकच्या पीएसटी फाइलीला दिलेला पासवर्ड काढून टाकणारी साधने सहज उपलब्ध होती. थंडरबर्ड या 2004 पासूनच्या लोकप्रिय प्रोग्राममधील ‘प्रायमरी पासवर्ड’ साठवलेल्या परवलींचे रक्षण करतो. उतरवून घेतलेली पत्रे मात्र डिस्कवर साध्या मजकुराच्या रूपातच असतात. असे कुलूप सुरक्षिततेचा भ्रम निर्माण करते, असे तज्ज्ञ म्हणतात. त्यापेक्षा प्रत्येकाने संगणकावर आपले वेगळे खाते उघडावे आणि संपूर्ण डिस्क सांकेतिक करावी, असा त्यांचा सल्ला आहे.

सल्ला अचूक आहे. पण तो घराच्या रीतीला मानवणारा आहे काय? ‘जरा एक पत्र बघून घेतो’ म्हणणाऱ्या पाहुण्यापुढे किंवा चालू संगणकावर गृहपाठ करू लागलेल्या मुलापुढे वेगळ्या खात्याची शिस्त कितीशी टिकते? घरातील पत्रांना डिस्क काढून नेणाऱ्या चोराची भीती क्वचित. सहज कुतूहलाची भीती रोजची. त्या कुतूहलाला थोपवण्यास साधी कडीही पुरते. भ्रमणध्वनीच्या जगाने ही गरज ओळखली. व्हॉट्सअ‍ॅपने 2019 मध्ये बोटाच्या ठशाचे कुलूप आणि 2023 मध्ये निवडक संभाषणांसाठी वेगळे कुलूप दिले. अ‍ॅपलने 2024 च्या आयओएस 18 मध्ये अ‍ॅप कुलूपबंद करण्याची सोय दिली. मग संगणकावरील टपालानेच उघडे का राहावे?

‘आपल्या घरात आडपडदा कशाला?’ हा प्रश्न येथे हमखास विचारला जाईल. परंतु एकत्र कुटुंबातही आजीची ट्रंक तिच्याच किल्लीने उघडे आणि त्यात कोणाला अविश्वास दिसत नसे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने 2017 मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. पण घरातल्या घरात तो जपण्याचे काम न्यायालय करू शकत नाही. ते संस्कारांचे काम आहे.

म्हणून प्रोग्राम घडवणाऱ्यांनी हे कुलूप द्यावे आणि त्याच्या मर्यादाही प्रामाणिकपणे सांगाव्यात. ‘हा पासवर्ड घरातील नजरेपासून राखतो, चोरापासून नाही’ असे एक वाक्य पडद्यावर पुरेसे आहे. ज्याला अधिक हवे, त्याला त्याच पासवर्डने पत्रांच्या फाइलीही सांकेतिक करता याव्यात. काही मिनिटे हात थांबताच कुलूप आपोआप लागावे. उरलेले कर्तव्य कुटुंबांचे आहे. ज्या संगणकाला कुलूप नाही, तेथेही दुसऱ्याचे पत्र वाचायचे नसते, हे मुलांना घरातील वडीलधाऱ्यांच्या वागण्यातूनच कळले पाहिजे.